सोबतीला

कसबा बावडा
२४ जून २०२४

गणपतराव, रामराम.

फोन न करता पत्र लिहितो आहे, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मी तब्येत विचारतो, तुम्ही भाताचं सांगता. शिवाय आजचं सांगणं घरात ओरडून सांगण्यासारखं नाही.

अरुणा गेली त्याला पाच महिने झाले. तिच्या अंत्यविधीला तुम्ही आणि धोंडुबाई वहिनी आला होता, त्यानंतर आपली भेट नाही. ती गेल्यावर मी एकाशन सुरू केलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. पुढं एक दिवसाआड उपवास. मंदिरात पंडितजी म्हणाले, "सर, दुःखाचं तप केलंत." लोक पाया पडू लागले. नऊ किलो वजन उतरलं, पण कुणी काही बोललं नाही. तपाला नाव कोण ठेवणार?

बोलली ती दीपा, माझी सून. एक दिवस पारसला सांगत होती, "पप्पा व्रत करत नाहीत. त्यांना जेवायचंच नाहीये." मी पलीकडच्या खोलीत होतो. मला तिचा फार राग आला. आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

तर गेल्या गुरुवारी पारसनं मला राजारामपुरीत नेलं. पहिल्या मजल्यावर पाटी आहे, समुपदेशन केंद्र. जिना चढताना मी सारखा मागं बघत होतो. तीस वर्षं मास्तरकी केली, निम्म्या गावाला मी शिकवलं. कुणी बघितलं तर काय म्हणेल, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. आत राजनंदिनी नावाच्या बाई. वय बत्तीस-तेहतीस. मी त्यांना चाळीस मिनिटं उपवास आणि पचनसंस्था समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "सर, हे व्रत घेतलंत त्या दिवशी मनात काय होतं?" मी म्हणालो, वेळ संपली.

पुन्हा जाऊ की नको? तुम्हाला विचारतो, कारण तिकडं बदली झाली तेव्हा नऊ वर्षं मी तुमच्या घरात भाड्यानं राहिलो. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

तुमचा
श्रीपाल


गगनबावडा
९ जुलै २०२४

सर, रामराम.

पत्र पोचलं. मी बोलतो तसंच लिवतो, लाल पेन काढू नका.

बोलायला पैसं द्यायचं? मग इकडं या की. बाहेरच्या सोप्यात बसू, तुम्ही बोला, मी ऐकतो. ऐकू येतंय मला. घरातलं बाहेर सांगायचं म्हंजे आपलं घोंगडं भर चौकात झटकायचं. आमच्या आज्ज्याची तीन पोरं एका सालात पटकीनं गेली. तो कुठं जिना चढला न्हाय. दुसऱ्या दिवशी औत धरलं. माणसानं कामात ऱ्हावं, म्हंजे आपोआप इसरतंय.

पर सर, जेवान सोडू नका. धोंडी म्हणती, तुम्ही आमच्यात ऱ्हायचा तवा तुमच्यासाठी बिनकांद्या-लसणाची आमटी वायली करायची, ती अजून तिच्या हातात हाय. सूनबाईवर राग धरू नका. ती तुमच्या ताटाकडं बगती, तुमच्या पुण्याकडं न्हाय.

इकडं समदं बेस हाय. लावणी उरकली. पाऊस म्हणाल तर दार उघडू देत न्हाय. ट्रॅक्टर विकला. वय झालं, चालवणार कोण. बाकी ठीक.

गणपतराव


कसबा बावडा
१४ ऑगस्ट २०२४

गणपतराव,

तुमचं पत्र पुरात अडकून वीस दिवसांनी आलं. तोवर मी आणखी पाच वेळा जाऊन आलो होतो, तेव्हा तुमचा सल्ला उशिराच पोचला म्हणायचा. चौकाचं मला पटलं नाही. तिथं बोललेलं तिथंच राहतं. पारसलासुद्धा त्या काही सांगत नाहीत, त्यानं विचारून बघितलं.

तुम्हाला एक गोष्ट सांगतो. आजवर कुणाला सांगितली नव्हती. अरुणा गेली त्या दिवशी संध्याकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. दिवस मावळायच्या आत जेवायची आम्हा जैनांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. तिनं दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा मी खेकसलो, "सारखं काय जेवण जेवण." तासाभरात तिच्या छातीत कळ आली. एकेचाळीस वर्षांच्या संसारातलं माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते.

हे मी सहाव्या खेपेला राजनंदिनीबाईंना सांगितलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, सर, यात तुमचा काय दोष? त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग त्या काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही नाही. आणि मग आठवलं. ती हसली होती. स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "बरं मास्तर, मग पेपरच खा." गणपतराव, सहा महिने मला फक्त माझं वाक्य ऐकू येत होतं, तिचं हसणं मी पार विसरलो होतो. मी त्या खोलीत आधी हसलो आणि मग बराच वेळ रडलो.

तुमच्या सोप्यात बोललो असतो तर तुम्ही मायेनं लगेच म्हणाला असता, "सर, तुमचा काय दोष न्हाय." विषय तिथंच मिटला असता आणि पुढचं मला आठवलं नसतं. एवढाच फरक आहे.

आता दोन वेळा थोडं थोडं जेवतो.

ट्रॅक्टर का विकला? वयाचं सांगू नका. गेल्या दिवाळीत त्याला नवे टायर घातलेत म्हणून मला दाखवायला अंगणभर फिरवला होता.

श्रीपाल


गगनबावडा
२२ ऑगस्ट २०२४

श्रीपाल सरांना नमस्कार.

मी मोना, गणपतरावांची सून. आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लिहिता येत नाही. त्या सांगतात तसं लिहिते.

सर, ह्यांनी ट्रॅक्टर विकला म्हणून कळवलं, का विकला ते कळवलं न्हाय. तुमच्या घरात दुःख ताजं, म्हणून आमी बी गप बसलो. फेब्रुवारीत ऊस घिऊन जाताना ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडंला उभी करून हे जॅक आणाय वाडीवर गेलते. दिवस मावळतीला मोटरसायकलवरनं एक पोरगं आलं आन् मागनं ट्रॉलीवर धडाकलं. राजवर्धन त्याचं नाव. एकवीस वर्षांचं. गेलं. पंचनामा झाला, पोराचा वेग लई हुता आसं निघालं. समदी म्हणाली, गणपा सुटला, देवाची किरपा. सर, ते सुटल्यालं मी काय बगितलं न्हाय.

रातभर डोळं उघडं. कुठल्या गाडीत बसत न्हाईत. पावण्यात न्हाय, लग्नाकार्यात न्हाय. अंगारा लावला, देवऋष्याकडं जाऊन आलो. परवा आन् त्याच्या आदी एकदा, हिरीच्या काठावर बसल्यालं घावलं. काय करतासा म्हटलं, तर म्हणाले, पाणी किती चढलंय बगतोय. श्रावणात हिरीचं पाणी काय बगायचं असतंय, सर?

डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत्यात, मी येडा हाय का. पर तुमचं पत्र उशाखाली ठेवल्यालं हाय. मोनानं बगितलं, तेवढंच पान काढून वाचत्यात, त्या बाईंचं लिवलंय ते.

मी लिवलंय हे त्यास्नी सांगू नका. पर कायतरी करा.

धोंडुबाई


कसबा बावडा
२८ ऑगस्ट २०२४

गणपतराव,

तुमच्याकडं एक काम आहे, आणि ते तुम्हीच करू शकता.

कंपनीच्या कामासाठी पारस दोन महिने बंगळूरला गेला. दीपाची शाळा असते. गुरुवारी मला राजारामपुरीला न्यायला कुणी नाही. गेल्या गुरुवारी एकटाच गेलो. रिक्षातून उतरलो, जिन्याशी उभा राहिलो आणि पाय उचलेना. समोरच्या रसाच्या गाड्यावर तासभर बसून परत आलो. घरी सांगितलं, जाऊन आलो.

तुम्ही याल का? सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. आत यायचं नाही, बोलायचं नाही. बाहेर बाक आहे, पंखा आहे, तिथं बसायचं. घरी जेवायला कांदा मिळणार नाही, बाकी सगळं मिळेल.

तुम्हाला अडचण असेल हे मला कळतं. तरी विचारतो.

श्रीपाल


गगनबावडा
३ सप्टेंबर २०२४

सर,

दीड तास गाडीत बसायचं म्हंजे आताशा मला जड जातंय. का ते इचारू नका. पर तुमचं पाय उचलनात म्हटल्यावर न येऊन कसं चालंल. गणपती बसले की पुढच्या गुरुवारी येतो. मी आत येणार न्हाय. सोबतीला तेवढा.

गणपतराव


गगनबावडा
२९ सप्टेंबर २०२४

सर,

दोन गुरुवार तुमच्यासंगं आलो, बाकावर बसलो, पंखा खाल्ला. तिसऱ्या गुरुवारी तुम्ही आला न्हाईसा. त्या दिवशी काय झालं ते तोंडानं सांगाय जमणार न्हाय, म्हणून लिवतो.

मी वर जाऊन बसलो हुतो. मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, "सरांना ताप आहे, सूनबाईंचा फोन आलता. तुम्ही एवढ्या लांबनं आलात, पाणी घ्या." मग म्हणाल्या, "कसा झाला प्रवास?"

सर, सात म्हैनं समद्या गावानं मला सांगितलं. इसर. कामाला लाग. तुझा दोष न्हाय. इचारलं कुणी काय न्हाय. मी म्हटलं, "डोळं मिटून आलो." त्या म्हणाल्या, "बोलावंसं वाटत असेल तर आत बसू या. नाहीतर इथं बसा, गाडीची वेळ होईपर्यंत." मी घटकाभर बसलो. मग माझा मीच उठून आत गेलो.

ॲक्सिडंट कसा झाला ते धोंडीनं तुमाला लिवलंच आसंल. जे तिला बी ठाऊक न्हाय ते लिवतो. सीटखाली लाल फडकं हुतं. ट्रॉली थांबली की मागं बांधायचं. पाच मिंटात तर येतोय म्हणून मी बांधलं न्हाय. रस्ता मावळतीकडं जातोय, सूर्व्या पोराच्या डोळ्यांवर हुता. लाल दिसलं आसतं का न्हाय, कुणाला ठाऊक. आवाज ऐकून पळत आलो. त्याचं डोकं मांडीवर घिऊन बसलो. जीप यीस्तवर अर्धा तास. जीप त्याला घिऊन गेली, माणसं गोळा झाली, आन् माझा पुतण्या म्हणाला, काका, मारतील, चला. त्यानं मला ओढून शेतातनं घरी आणलं. पोलिसांनी फडक्याचं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. त्याच रातीला ते चुलीत घातलं.

मॅडमनी दोष न्हाय म्हटलं न्हाय. दोष हाय आसं बी म्हटलं न्हाय. "इतके दिवस हे एकट्यानं धरून ठेवलंत," एवढंच. मग सरळ इचारलं, ताप हाय का इचारावं तसं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी व्हय म्हटलं. म्हटल्यावर जरा मोकळं वाटलं. हिरीचं बी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे एवढं घरात एका माणसाला तरी ठाऊक पाहिजे, कुणाला सांगायचं?" त्येंच्यासमोरच मोनाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरकडं पाठवलं. झोपायच्या गोळ्या हायत. परवा चार तास झोपलो.

आन् एक. मोना पाकीट घिऊन पोष्टात निघालती, तवा त्याच्यावर तुमचं नाव मी वाचलं. आत काय आसंल ते कळलं. तिला आडवायला पायजे हुतं, आडवलं न्हाय. तुमचा जिना खोटा आन् ताप बी खोटा, हे मला ठाऊक हाय. रागावलो न्हाय.

गणपतराव


कसबा बावडा
६ ऑक्टोबर २०२४

गणपतराव,

तुम्ही मला फार हुशार समजता. ताप खरा होता, एकशे दोन. जिनाही खरा होता. वहिनींचं पत्र यायच्या आधीच्या गुरुवारी मी खरोखरच रस पिऊन परत आलो होतो. तुमच्यासाठी काहीतरी करायला हवं होतं आणि मलाही कुणीतरी हवं होतं. दोन्ही एकदम झालं. वहिनींचं पत्र तुमच्यापासून लपवलं, त्याबद्दल मात्र माफी मागतो.

फडक्याचं माझ्यापाशी राहील. तुमचा दोष किती, ते मीही सांगणार नाही. तेवढं शिकलो आहे. विहिरीचं वाचून रात्री उठून बसलो. पुन्हा तसं वाटलं तर पत्र लिहीत बसू नका, फोन करा. ऐकू नाही आलं तरी करा. मी पहिल्या एसटीनं येईन.

यंदा भाद्रपदातल्या आमच्या दशलक्षण पर्वात मी उपवास केला नाही. लहानपणापासून पहिल्यांदा. मंदिरात मान खाली घालून बसलो. पंडितजींना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "भूक सोडायला आधी भूक लागली पाहिजे, सर." पुढच्या वर्षी लागली तर करीन.

दीपाशी बोललो. तिला म्हटलं, तू बरोबर होतीस. ती म्हणाली, "पप्पा, आधी ताट संपवा."

त्या मुलाच्या घरी कोण कोण आहे, गणपतराव? सांगायचं नसेल तर राहू द्या.

श्रीपाल


गगनबावडा
१२ जानेवारी २०२५

सर, रामराम.

तुम्ही इचारलं हुतं, त्याचं उत्तर द्यायला तीन म्हैनं लागलं. मधल्या गुरुवारी आपण भेटत हुतो, पर तुम्ही परत इचारलं न्हाईसा, ते बरं केलं.

राजवर्धनच्या घरी आई, बाप आन् धाकटी भण. बापाचं नाव उदयसिंह. गाव आमच्यापासनं सात किलोमीटर. मला त्यांच्या दारात जायाचं हुतं, पयल्या दिवसापासनं. पुतण्या म्हणायचा, अंगावर ओढून घिऊ नको. मॅडमनी जा म्हटलं न्हाय आन् नको बी म्हटलं न्हाय. चार गुरुवार आमी दोघांनी बसून काढलं, गेलो तर काय हुईल. हाकलतील. मारतील. दार उघडणार न्हाईत. पोलिसात जातील. पाचव्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "यातलं काय झालं तर तुम्हाला सोसणार नाही?" मी म्हटलं, न गेल्यालं सोसत न्हाय.

काल गेलो. धोंडीला संगं घेतलं. उदयसिंह अंगणात जनावरांसाठी उसाचं वाडं तोडत हुता. मी नाव सांगितलं. त्यानं कोयता खाली ठेवला, तवा धोंडीच्या जिवात जीव आला.

म्हणाला, "आता आलासा? वरीस झालं."

मी म्हटलं, "व्हय."

"पळून गेलतासा तुम्ही. समदी म्हणत्यात, ड्रायव्हर टाकून पळाला."

"पुतण्यानं ओढून नेलं. पर पाय माझंच हुतं," मी म्हटलं. मग फडक्याचं सांगितलं. समदं. सीटखाली हुतं, बांधलं न्हाय, चुलीत घातलं. तुमाला पोलिसात जायाचं आसंल तर मी संगं येतो, तिथं बी हेच सांगतो.

तो उठला आन् गोठ्यात गेला. मला वाटलं, काठी आणाय गेला. धोंडीनं माझा हात धरला. बऱ्याच वेळानं रिकामाच आला, तोंड धुतल्यालं. खाली बसला, माझ्या पुढ्यात. पोलिसाचं काय बोलला न्हाय.

म्हणाला, "पोरगं रस्त्यावर एकटंच पडलं हुतं का?"

मी म्हटलं, "न्हाय. मी हुतो. माझ्या मांडीवर डोकं हुतं त्याचं. जीप यीस्तवर."

"अर्धा तास?"

"अर्धा तास."

"आमाला सांगितलं, एकटंच हुतं." आसं म्हणून तो मातीकडं बगत बसला. मग परत इचारलं, "तुम्ही हुता? नक्की?"

त्याची बायको दाराच्या आत उभी हुती. तिथनंच म्हणाली, "त्याला थंडी वाजत हुती का?"

मी म्हटलं, "व्हय. माझा स्वेटर घातला हुता त्याच्या अंगावर."

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती माझा तपकिरी स्वेटर घिऊन. धुतल्याला, घडी घातल्याला. म्हणाली, "दवाखान्यातनं त्याच्या कपड्यात आलता. आमच्यातला न्हाय म्हणून ठेवला. ज्याचा हाय तो कवातरी येईल म्हटलं." माझ्या पुढं धरला. मी हात पुढं केला, पर तिनं सोडला न्हाय. आमी दोघं तो स्वेटर धरून तसंच उभं.

मग ती म्हणाली, "तुमाला लागत नसला तर ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

मी म्हटलं, "तुमचाच हाय."

तिनं तो परत आत नेऊन ठेवला, आन् येताना पाण्याचा तांब्या आणला.

गणपतराव